पुढल्याची हाक

फार पूर्वीची गोष्ट आहे. इतकी पूर्वीची, की डोंगरातल्या वाटांना अजून चाक माहीत नव्हतं. ज्याला पायी चढवत नसे तो पालखीत बसे, आणि पालखी म्हटली की भोई आलेच.

अशाच एका डोंगराच्या पायथ्याशी भोयांचं एक गाव होतं. गाव लहान, पण तोरा मोठा. पाहुणा आला की पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आधी त्याला ऐकवत, "आमच्या खांद्यावरून आजवर एक माणूस पडलेला नाही." पाहुण्याने विचारलेलं नसलं तरी ऐकवत. आणि खरं सांगायचं तर तोरा मिरवावा असंच त्यांचं काम होतं.

पालखीला एकच लांब दांडा. दोघे पुढे, दोघे मागे, सगळे एकामागे एक. आता गंमत अशी, की चौघांपैकी वाट दिसते फक्त एकाला, सर्वांत पुढच्याला. दुसऱ्याला दिसते पहिल्याची पाठ, आणि मागच्या दोघांना दिसते पालखीची लाकडी पेटी. मग खाचखळगे चुकवायचे कसे? तर त्यासाठी हाक असे. पुढचा जे पाही ते सुरात सांगे. "खडा हो खडा!" म्हणाला की चौघांचे पाय उचलले जात. "पाणी हो पाणी!" म्हणाला की चौघे पाऊल दाबून टाकत. बाकीच्यांनी स्वतः वाट पाहायला मान काढायची नाही, असा दंडकच होता. चार माणसं चार बाजूंना पाहू लागली तर पालखी डुलते, आणि डुललेली पालखी म्हणजे गावाची अब्रू गेली.

सर्वांत पुढे चालणाऱ्याला गावात 'पुढला' म्हणत. या गोष्टीतला पुढला चाळीस वर्षं पुढे चालत आला होता. त्याच्या मागे दुसरा असे त्याचा पुतण्या, दोन पोरांचा बाप, खांद्याने दणकट आणि मनाने जरा भित्रा. शेवटचा, म्हणजे 'मागला', होता त्याचा सख्खा धाकटा भाऊ. आणि तिसरा होता एक मुखदुर्बळ माणूस, जो कधीच बोलत नसे. तो या गोष्टीतही बोलणार नाही.

डोंगराच्या माथ्यावर राजाचा गड होता. राजाला एक प्रश्न पडला होता. राजांना प्रश्न पडतात, कारण बाकीची कामं करायला माणसं असतात. प्रश्न असा: सद्गुणी माणूस म्हणावं कुणाला, आणि माणसाचं चांगलं जगणं म्हणजे नेमकं काय? उत्तर द्यायला राजाने दूरच्या नगरीतून एका नामांकित शास्त्रीबुवांना बोलावलं. आणि दवंडी पिटवली, की शास्त्रीबुवांना न डुलता वर आणणारी पालखी ज्या दिवशी गडाच्या दारात येईल, त्या दिवशी दारातून सर्वांत पुढे शिरणाऱ्या भोयाला राजा स्वतःच्या हाताने लाल पागोटं बांधेल. तो जन्मभर राजाचा पुढला.

हे काम भोयांच्या त्या गावाकडे आलं तेव्हा गावाने ढोल बाहेर काढले. असा मान पंचक्रोशीत कुणाला मिळाला नव्हता. आणि पागोटं कुणाच्या डोक्यावर बसणार याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती.

शंका होती ती एकाच घरात. पुढल्याच्या डोळ्यांवर पडदा येऊ लागला होता. भर दुपारीही त्याला समोर धुकं दिसे. परवाच त्याने पाटलांच्या म्हशीला "राम राम पाटील" म्हटलं होतं. लोक हसले, त्यांना थट्टा वाटली, आणि पुढल्यानेही ती थट्टा आहे असं भासवलं. पण त्याची बायको हसली नाही.

निघायच्या सकाळी भाकरीचं फडकं बांधताना ती म्हणाली, "तुम्हाला ताटातलं मीठ दिसत नाही. मला ठाऊक आहे."

"वाट दिसायला कशाला हवी? वाट पायांना पाठ आहे माझ्या."

"पायांना पाठ असते ती कालची वाट," ती म्हणाली. "आजची डोळ्यांनीच बघावी लागते."

पुढल्याला राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा आला. भाकरी उचलून तो तडक निघाला.

शास्त्रीबुवा अंगाने किडकिडीत होते, पण सोबत सात जाडजूड पोथ्या घेऊन बसले होते. पालखी उचलताना चौघांच्या लक्षात आलं की माणसाचं वजन कमी आणि ज्ञानाचं जास्त आहे. ढोल वाजले, बायांनी ओवाळलं आणि पालखी घाटाला लागली.

पुढला खरंच वाकबगार होता. ओढा आला, त्याने बरोबर जागी हाक दिली. वळणावर आंब्याची मुळं वर आली होती, तिथेही दिली. एकही पाऊल चुकलं नाही. पालखी अशी चालली होती की शास्त्रीबुवांच्या पाण्याच्या भांड्यातलं पाणी हललं नाही. पुढल्याची छाती फुगली. डोळे गेले तरी काय झालं, असं त्याला मनातून वाटू लागलं.

थोड्या वेळाने शास्त्रीबुवांनी पडदा सारून डोकं बाहेर काढलं. दरबारात काय बोलायचं याची त्यांना उजळणी करायची होती आणि ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

"काय रे बाबा," त्यांनी पुढल्याला हाक मारली, "सुरी चांगली कधी म्हणायची?"

"कापते तेव्हा, बुवा."

"आणि बैल?"

"ओढतो तेव्हा."

"शाब्बास! म्हणजे ज्याचं जे काम, ते उत्तम करणं हा त्याचा गुण. आता सांग, चांगला भोई कोणता?"

हा प्रश्न पुढल्याच्या आवडीचा होता. तो म्हणाला, "ज्याच्या हाकेवर मागचे तिघं डोळे झाकून पाय टाकतात तो."

"वा! आणि चांगला माणूस कोणता?"

पुढला विचारात पडला. सुरीचं काम ठाऊक, बैलाचं ठाऊक, पण माणसाचं काम काय, हे त्याने कधी स्वतःला विचारलं नव्हतं. तेवढ्यात पायांनी सांगितलं की मोठ्या धोंड्याची जागा आली. वाटेच्या ऐन मध्यात गुडघाभर उंचीचा धोंडा होता तिथे. त्याने सूर लावला, "खडा हो खडा! मोठा खडा!"

चौघांनी पाय गुडघ्यापर्यंत उचलले आणि लांब टाकले. एकामागून एक, अगदी सफाईने.

बाजूच्या उतारावर एक म्हातारी गवत कापत होती. ती विळा टाकून हसायलाच लागली. "अगं बाई! काय ओलांडताय रे बाबांनो? तो धोंडा पाथरवटांनी गेल्या आठवड्यातच फोडून नेला की देवळाला! वाट मोकळी आहे, आणि हे चाललेत बगळ्यासारखे!"

शास्त्रीबुवांनी पडद्यातून खाली पाहिलं. वाट खरंच तळहातासारखी साफ होती. बुवांनी डोकं आत घेतलं आणि पडदा ओढला.

मागून भावाचा आवाज आला, "दादा, काय म्हणतेय ती?"

चाळीस वर्षांत मागून आलेल्या प्रश्नाला पुढल्याने कधी खोटं उत्तर दिलं नव्हतं. "काही नाही," तो म्हणाला. "दुसरा धोंडा होता. बारका. चला."

आणि भावाने ते मानलं. पुढल्याने सांगितलं म्हणजे संपलं. पुतण्यानेही मान वर केली नाही, कारण पाहायचं नाही असा दंडक. ज्याला शंका घ्यायची मुभा नाही त्याच्याशी खोटं बोलणं किती सोपं असतं, हे पुढल्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आणि ते कळल्यावर त्याला आपलीच किळस आली.

पुढची शंभर पावलं तो कसा चालला ते त्यालाच ठाऊक. पाय बरोबर पडत होते, खांदा ताठ होता, पण आत काहीतरी लंगडत होतं. आणि समोर आता काठवाट येत होती.

काठवाट म्हणजे गडाच्या दाराआधीची दोनशे पावलं. एका हाताला उभा कडा, दुसऱ्या हाताला खोल दरी, आणि मध्ये जेमतेम एक माणूस मावेल एवढी वाट. तिच्या शेवटी गडाचं दार, दारात राजा, आणि राजाच्या हातात पागोटं. मागच्या पंधरवड्यात गडावर जोराचा पाऊस झाला होता, आणि तेव्हापासून पुढला वर आला नव्हता. त्यात काठवाटेचा एखादा तुकडा ढासळला असेल की नसेल? पुढल्याला माहीत नव्हतं. बहुतेक नसेल. हजार वेळा ओलांडली होती त्याने ती वाट. शंभरातले नव्याण्णव हिस्से तो पालखी सुखरूप नेणार होता. दोनशे पावलं मुकाट्याने टाकली की जन्मभराचा मान. उद्या डोळे अधू झाले म्हणून सांगता आलं असतं. उद्या सांगायला काय हरकत होती?

त्याच्या मनात एवढंच आलं, की मागे तीन माणसं आणि पालखीत एक माणूस माझ्या डोळ्यांवर चालले आहेत, आणि माझे डोळे तर नाहीत. मग ते चालले आहेत कशावर?

काठवाटेच्या तोंडाशी पुढला थांबला. त्याने दम घेतला आणि नेहमीच्याच सुरात, नेहमीपेक्षा मोठ्याने हाक दिली:

"नजर हो नजर! पुढल्याची नजर गेली! खांदा बदला!"

दरीने ती हाक उचलली. समोरच्या कड्यावर आपटून ती परत आली, वर गडाच्या दारापर्यंत गेली. दारात उभ्या असलेल्या राजाने ऐकली, शिपायांनी ऐकली, तुतारी फुंकायला सज्ज झालेल्या माणसाने तुतारी खाली घेतली.

मागच्या तिघांनी सवयीने पाय रोवले. हाक आली की मानायची. ती कसली आहे हे त्यांना क्षणभराने उमगलं.

पुतण्याला रडू कोसळलं. "काका, हे काय बोलता? आणखी दोनशे पावलं फक्त!"

"म्हणूनच आत्ता बोललो. ये पुढे."

"मी? काठवाटेवर? माझे पाय लटपटतील, काका."

"लटपटू देत. डोळे शाबूत आहेत ना तुझे? दिसेल ते सांग, न दिसलेलं सांगू नको. एवढंच असतं पुढल्याचं. पाठीमागे खांदा माझा आहे."

शास्त्रीबुवा घाईघाईने म्हणाले, "अरे, मी उतरून चालतो ना तेवढं!"

यावर मात्र भाऊ मागून खेकसला, "बसा खाली, बुवा! आमच्या पालखीतून वाटेत माणूस उतरला असं आजवर झालेलं नाही." बुवा बसले.

खांदे बदलले. चाळीस वर्षांनी पुढला दुसरा झाला आणि पुतण्या पहिला. पालखी काठवाटेवर चढली. पुतण्याचा आवाज कापत होता, पण तो जे दिसेल ते सांगत होता. "डावा हात कडा! बारीक खडी! पाय दाबून!" म्हातारा भोई त्याच्या हाकेवर पाय टाकत होता, एकदाही शंका न घेता. दोनशे पावलं संपली.

आता तुम्हाला वाटेल, वाट मध्ये तुटलेली निघाली असेल आणि सगळ्यांचे प्राण वाचले असतील. तसं काही झालं नाही. काठवाट अगदी धड होती. एक दगडही जागचा हलला नव्हता.

दारातून आत शिरून पालखी टेकवली तेव्हा भावाला हे कळलं. तो म्हाताऱ्याजवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "दादा, वाट धड होती रे. तू नेलं असतंस. उगाच घालवलंस सगळं."

"नेलं असतं," म्हातारा म्हणाला. "पण ते नशिबाने नेलं असतं, मी नव्हे."

भावाने दादाचा घाम आपल्या उपरण्याने पुसला.

दरबार भरला. राजा पागोटं घेऊन उठला आणि सरळ म्हाताऱ्या भोयापाशी गेला. "तुझी हाक मी वरून ऐकली," तो म्हणाला. "असं खरं बोलणारा माणूस माझ्या राज्यात आहे, याचा मला अभिमान वाटतो. हे पागोटं तुझंच. खाली वाक."

म्हातारा वाकला नाही. "महाराज, पागोटं पुढल्याचं आहे. दारातून पुढे कोण शिरला ते सगळ्यांनी पाहिलंय. माझ्या पुतण्याला बांधा."

राजाच्या कपाळाला आठी पडली. "राजाने दिलेला मान नाकारतोस?"

"नाकारत नाही. ज्याचा आहे त्याला द्या म्हणतो. खोट्या हाकेवर पागोटं घ्यायचं असतं तर मघाशीच घेतलं असतं, महाराज. तेव्हा तर इतकं बोलावंही लागलं नसतं."

दरबारात कुणीतरी हसू दाबलं. राजालाही हसू आलं. त्याने पागोटं पुतण्याला बांधलं. ते त्याच्या कानांवर उतरत होतं आणि तो बापडा खाली मान घालून हुंदके देत होता. मग राजा परत म्हाताऱ्याकडे वळला. या वेळी त्याने राजासारखं विचारलं नाही, माणसासारखं विचारलं. "चाळीस वर्षं राबलास. डोळे गेले, जागा गेली, मान दुसऱ्याला गेला. तरी तू असा ताठ उभा आहेस. तुझ्यापाशी उरलं काय?"

म्हाताऱ्याने बंडी एका बाजूने उतरवली. उजव्या खांद्यावर तळहाताएवढा घट्टा होता, काळा, चामड्यासारखा कडक.

"हा बघा, महाराज. हा कुणी बांधलेला नाही, म्हणून कुणाला सोडवता यायचा नाही. एका दिवसात पडलेला नाही, रोज थोडा थोडा पडला. खरी हाक द्यायचंही तसंच आहे. चाळीस वर्षं साध्या खड्यांसाठी दिली, पाण्यासाठी दिली. आज अवघड हाक द्यायची पाळी आली तेव्हा गळ्याला सवय होती, म्हणून ती निघाली." त्याने भावाच्या दिशेने मान वळवली. "आज वाटेत एकदा खोटी हाक दिली मी. भावाला दिली. नंतरची शंभर पावलं मला जगणं नको झालं होतं. खरी दिली आणि माझा मी मला परत मिळालो. आता पुढे असेन नाहीतर मागे, मी धड आहे. याहून जास्त सुख कसं असतं ते मला तरी ठाऊक नाही."

मागे उभ्या असलेल्या भावाचा ऊर भरून आला. हा माझा दादा आहे, असं त्याला सगळ्या दरबाराला ओरडून सांगावंसं वाटलं. आणि त्याने ते सांगितलंही. दरबारात ओरडायची रीत नाही हे त्याला माहीत नव्हतं.

राजा शास्त्रीबुवांकडे वळला. "बुवा, आता तुमचं उत्तर."

शास्त्रीबुवांनी सात पोथ्यांकडे पाहिलं, म्हाताऱ्याच्या खांद्याकडे पाहिलं. "महाराज, सातही पोथ्यांत मिळून जे लिहिलं आहे ते तुमच्यासमोर बंडी उतरवून उभं आहे. मी या पोथ्या उगाच वर आणल्या. या चौघांना ओझं मात्र झालं."

तिसऱ्याने यावर जोरजोरात मान डोलावली.

म्हातारा त्यानंतर घरी बसला नाही. पालखीच्या मागे चालायला डोळे लागत नाहीत, समोरच्यावर विश्वास लागतो, आणि तो त्याच्यापाशी भरपूर होता. भाऊ दुसऱ्या जागी आला, आणि त्याच्या जागी म्हातारा आणखी सात वर्षं मागला म्हणून चालला. बायको रोज भाकरी बांधून द्यायची आणि तो वळणापलीकडे जाईपर्यंत दारात उभी राहायची. शेजारणींना ती सांगायची, "आमचे हे मागे चालतात." सांगताना तिची मान अशी ताठ व्हायची की जणू राजाचं सिंहासनच तिच्या अंगणात आहे.

राजाचं ते लाल पागोटं पुढे कुठल्या पेटीत गेलं ते गावात आता कुणालाच नक्की सांगता येत नाही. काही म्हणतात उंदरांनी कुरतडलं. कुणी त्याची फारशी चौकशीही करत नाही. पण पाहुणा आला की पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आधी लोक त्याला काठवाटेपाशी घेऊन जातात, एक माणूस शिखराच्या इतक्या जवळ येऊन जिथे थांबला ती जागा दाखवतात आणि म्हणतात, "हा आमच्या गावचा होता."

तात्पर्य: वाट निभावली की नाही यावर माणसाचा चांगुलपणा ठरत नाही. रोजच्या साध्या कामात खरेपणा जपता जपता तो अंगात मुरतो, आणि ज्याच्या अंगात तो मुरला त्याचं जगणं मान मिळो न मिळो, भरलेलंच असतं.